वास गेला तिथं वाटी

आमच्या घरात नव्या तांदळाचा एक नियम होता. वर्षाचा पहिला भात शिजला की ज्या ज्या दारात त्याचा वास गेला, त्या त्या दारात एक वाटी भातही गेला पाहिजे. नियम आईचा. वास बाहेर सोडायचा आणि भात घरात ठेवायचा, हे तिच्या लेखी शिवी देण्यासारखं होतं.

"लोकांना भूक लावायची आन् आपण दार लावून जेवायचं, ह्ये कुठलं वागणं?" असं ती म्हणायची.

बेळगावजवळ येळ्ळूरला आमच्या शेतात बासमती पिकते. रान फुलोऱ्यावर आलं की रस्त्यानं जाणाऱ्या गाडीवाल्यालासुद्धा वास कळतो. मग घरात शिजलेला भात कसा लपणार? सुगी झाली, गिरणीतून तांदूळ घरी आले, की आई एक दिवस ठरवायची. चूल पेटवण्याआधी अंगणात येऊन उभी राहायची आणि पदर थोडा सैल सोडून वाऱ्याचा अंदाज घ्यायची.

"गडाकडनं हाय वारं. म्हंजे खालच्या गल्लीत जाणार. वाट्या काढ गं."

वाट्या काढायचं आणि मोजायचं काम माझं. कुणाची वाटी कुठली, कुणाकडून परत आली, कुणाकडची राहिली, सगळं मला तोंडपाठ असे. मी तेव्हापासूनच अशी आहे. पोचवायचं काम धाकट्या भावाचं. तो माझ्यापेक्षा बराच लहान, आणि त्याची मोजणी माझ्या मोजणीशी कधी जुळली नाही. मी सांगितलेल्या घरांपेक्षा एक-दोन घरं जास्त करूनच तो परत यायचा.

"तिथवर वास जातोय व्हय रं?" मी विचारायची.

"मी थांबून हुंगून बघितलो की. येतोय."

"तुझ्या हातात वाटी हाय. वास येणारच!"

"मग त्यास्नी पण आलाच न्हवं?"

मी वाट्या पुन्हा मोजायला लागायची. आई मात्र तोंडाला पदर लावून हसायची.

शेजारच्या काकूंशी आमचं बांधावरून भांडण होतं. बोलणं बंद होतं. पण वास काही बांध बघून जात नाही, म्हणून त्यांची वाटी पहिली निघायची. त्या दारात उभ्या राहून म्हणायच्या, "मला सर्दी झालीया. वास-बिस काय येत न्हाय मला. आणलायसच तर ठेव तिथं." वाटी रिकामी परत द्यायची नाही, हा दुसरा नियम, आणि तो साऱ्या गावाचा. काकूंकडून ती शेंगांनी भरून यायची, कुंपणावरून, एक शब्द न बोलता.

पुढे माझं लग्न झालं, मी बेळगावात आले. एका वसतिगृहाच्या मेसचं कोठार सांभाळते. माणशी किती तांदूळ टाकायचा, कुठला डबा आधी संपवायचा, सणाच्या आधी काय भरून ठेवायचं, हे माझं रोजचं काम. जुनं आधी, नवं मागून. साधं आधी वापरायचं, चांगलं राखून ठेवायचं. या कामात हात सैल सोडून चालत नाही. पहिल्या पंगतीला जास्त वाढलं की शेवटच्या पंगतीला भांडं खरवडावं लागतं, आणि शेवटच्या पंगतीला बसणारी पोरं ही नेहमी तीच असतात, दमून उशिरा येणारी.

भाऊ उद्यमबागेत एका कारखान्यात मशीनवर होता. हात चांगला, पगार बेताचा. मग त्याला बाहेरच्या देशात काम मिळालं. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं की लोक मोबाइलवर नकाशा काढतात, आणि मी तो नकाशा पुष्कळ बघितला आहे. दोन वर्षं तो तिथं नीट राहिला. पैसे पाठवायचा. आईच्या घरावर नवीन पत्रे आले, न्हाणीघर झालं. एका सुगीला सुट्टी काढून आला, कापणी, मळणी सगळं केलं, आणि परत जाताना त्याची बॅग भरायला मी येळ्ळूरला गेले.

बॅग भरणं माझ्याकडेच असतं. औषधं, कागद, चटणी, मसाला, मसूर, साथीदारांसाठी कुंदा. वजन काट्यावर बसवून बॅग बंद केली, तेवढ्यात आई आतून तांदळाची पिशवी घेऊन आली. नव्या बासमतीची. चांगली जड.

"आई, तिथं तांदूळ मिळतात," मी म्हणाले.

"मिळू देत की."

"वजन जास्त झालं की विमानतळावर पैसे घेतात."

"तिथलंच खाऊन खाऊन त्यो तिथला हुईल," ती म्हणाली आणि पिशवी बॅगेवर ठेवून उभी राहिली.

मी दोन जाड स्वेटर आणि बुटांचा जोड बाहेर काढला. पिशवी बसली. भाऊ हसून म्हणाला, "आई, इमानात वास सुटला तर समद्यास्नी वाटी द्यावी लागंल बघ."

"दे मग," आई म्हणाली. "तुला काय कमी पडतंय?"

तो गेला, आणि दोन-तीन महिन्यांत तिथं लढाई सुरू झाली.

सुरुवातीला आम्हाला वाटलं, दोन दिवसांत थांबेल. तिथल्या लोकांनाही तसंच वाटलं होतं. शहराच्या मधून नदी जाते. नदीवरचा पूल बंद झाला. पलीकडच्या अंगाला राहणारे त्याच्या कारखान्यातले लोक गाड्यांनी बाहेर पडले. हा अलीकडे भाड्याच्या खोलीत राहत होता, तो अडकला. तीन मजल्यांची जुनी इमारत, हा तळमजल्यावर. बाकी सगळी तिथलीच कुटुंबं.

वीज नव्हती. जवळ एक दवाखाना होता, त्यांचा जनरेटर दुपारी थोडा वेळ चालायचा. तिथं रांगेत उभं राहून तो फोन भरून घ्यायचा आणि मग आम्हाला लावायचा. आपल्याकडे तेव्हा चहाची वेळ असायची. मेसमधली जेवणं आटपली की मी स्कूटरवरून येळ्ळूरला जायची. फोन माझ्याच मोबाइलवर यायचा, पण तो आईच्या घरी, पुढच्या सोप्यात बसून घ्यायचा, असं ठरलं होतं. कधी यायचा, कधी नाही.

पहिल्या आठवड्यात त्याच्या बोलण्यात भाव असायचे. ब्रेड इतक्याला झाला, साखर तितक्याला, कांदा मिळेना. मी त्याला पैसे पाठवले. आईनं पाटल्या मोडल्या, मी सोसायटीतून उचल घेतली. त्याच्या मोबाइलवर पैसे जमा झाल्याचं दिसायचं. पण बँक बंद, पैसे काढायचं यंत्र बंद, आणि पुढे दुकानंही बंद. एके दिवशी मी विचारलं, "पिठाचा काय भाव?" तो म्हणाला, "भाव न्हाय, आक्का. पीठच न्हाय."

माझ्या धंद्यातली गोष्ट सांगते. भाव चढतो तोवर भ्यायचं नसतं. चढा का होईना, भाव आहे म्हणजे कुठंतरी माल आहे आणि विकणारा आहे. भाव सांगायलाच कुणी उरत नाही, तेव्हा पैशाचं काम संपलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

मग मी जे मला येतं ते केलं. त्याच्याकडे काय काय आहे ते विचारून घेतलं. तिथला जाड तांदूळ, मसूर, थोडा रवा, तेल, चटणी, आणि आईची पिशवी. ती त्यानं सणासाठी म्हणून राखली होती, फोडलीसुद्धा नव्हती. मी त्याला क्रम लावून दिला. रवा आधी, त्याला किडे होतात. मग जाड तांदूळ आणि मसूर एकत्र, दिवसातून एकदाच. तांदूळ आधी भिजत घालायचे, म्हणजे जळण कमी लागतं. एक उकळी आली की भांडं गोधडीत गुंडाळून ठेवायचं, आपोआप शिजतं. बासमती सगळ्यात शेवटी.

"आणि दार लावून घे," मी म्हणाले. "तुझ्याकडे काय आहे ते कुणाला कळता कामा नये."

"व्हय."

"व्हय म्हणू नको, कर."

"करतो की गं. तू काय मेसच्या पोरांगत दटावायलीस मला?"

त्यानं केलं. माझ्या हिशेबानं जितकं पुरायला हवं होतं त्याहून थोडं जास्तच पुरलं. आवाज बारीक झाला होता, पण थट्टा चालू होती. म्हणायचा, "पोट आत गेलंय. आता पोरगी बघायला जाऊया." आई ते ऐकून हसायची आणि मग उठून परसात जायची.

साधं सगळं संपलं. बासमतीची पाळी आली.

त्या दुपारी फोन आला तेव्हा त्याचा आवाज निराळा होता. धावत आल्यासारखा. गॅस कधीच संपला होता, तेव्हा तो जिन्याखाली मोडक्या खोक्यांची लाकडं पेटवून शिजवायचा. जाड तांदळाची कुणाला खबर लागत नव्हती. पण आज भांड्याला उकळी आली आणि वास सरळ जिन्यातून वर गेला.

"आक्का, लई वास सुटला बघ. आपल्या घरात सुटतो तसा."

"झाकण लाव. भांडं खोलीत ने. दाराच्या फटीला ओलं फडकं लाव," मी म्हणाले.

"नेलो. पण वर गेलाय वास. वरची पोरं जिन्यात येऊन बसल्यात. काय बोलत न्हाईत. बसल्यात नुसती."

"दार उघडू नको."

"सगळी उपाशी हाईत गं. वरच्या बाईची दोन पोरं हाईत, धाकटं तर..."

"मला माहीत आहे. ऐक माझं. पिशवीत जे आहे ते एकट्याला पुरेल. सगळ्यांना दिलं तर कुणालाच पुरणार नाही. आज दिलं की उद्या परत येतील. तू हे थांबवू शकणार नाहीस."

तो म्हणाला, "आई हाय का तिथं? आईला दे."

आई माझ्या शेजारीच होती. सगळं ऐकत होती. फोन तिनं हातात घेतला नाही, नुसती जवळ वाकली.

"वास कुठवर गेलाय रं?"

"वरच्या मजल्यापत्तर."

"मग इचारतोस काय?"

मी आईचा हात धरला. "आई, हे येळ्ळूर नव्हे. तिथं शेंगा भरून वाटी परत येणार नाही."

"न्हाई येऊ दे."

"तो मरेल, आई."

ती माझ्याकडे वळली. चिडली नव्हती. एखाद्या लहान पोराला समजवावं तशी म्हणाली, "दार लावून खाल्लेलं अंगी लागतंय व्हय गं?"

फोनवर तो म्हणाला, "ठेवतो. भात लागंल खाली."

दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं. त्याच्याकडे एकच वाटी होती. तीच धुऊन धुऊन सगळ्या दारात गेली. वरच्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी वाटी हातात घेतली आणि आधी नुसता वासच घेत बसले. पोरांनी दाणा न् दाणा खाल्ला. वरच्या बाईनं वाटी परत पाठवली तेव्हा तिच्यात तीन खजूर होते.

"बघितलीस?" तो मला म्हणाला. "रिकामी न्हाय आली."

मी त्याला ओरडले. खजूर मोजून काय करायचे आहेत, म्हणाले. उद्यापासून निदान मोठ्यांना बंद कर, नुसती पोरांना दे. तो व्हय म्हणाला. मला माहीत होतं तो करणार नाही. मी सांगितलेल्या घरांपेक्षा एक-दोन घरं जास्त, हा त्याचा जुना हिशेब होता. पुढचे कितीतरी दिवस त्या इमारतीत रोज एकदा आमच्या शेतातला भात शिजला. भाताची पेज झाली, पेजेचं पाणी झालं. आई रोज विचारायची, "पुरलं का समद्यास्नी?" मी विचारायची, "किती राहिलं?" एकाच फोनवर दोघींचे दोन प्रश्न. तो आधी आईला उत्तर द्यायचा.

मग एके दिवशी फोन लागताक्षणी तो म्हणाला, "आक्का, गाडी मिळायलीया."

एक ड्रायव्हर होता. त्याची छोटी मालगाडी होती आणि सरहद्दीपर्यंतचा आडमार्ग त्याला ठाऊक होता. पहाटे निघायचं, दुसऱ्या दिवशी पलीकडे. सरहद्दीच्या पलीकडे आपली माणसं आहेत, तिथून विमान आहे, हे मी चौकशी करून ठेवलंच होतं. मी उठून उभी राहिले.

"घे. मागेल तेवढे पैसे दे. खात्यात आहेत, हातात आहेत. घड्याळ दे, सगळं दे."

"पैसे घेत न्हाय त्यो."

"मग सोनं मागतोय का?"

"सोनं मास्तरांनी माझ्यासाठी दाखवलं, अंगठी. ते पण नको म्हणाला. त्याच्या घरात धा माणसं हाईत. तांदूळ न्हाईतर पीठ, न्हाईतर तेल. मी डॉलर काढून दिलो. त्यानं नोट हातात घेतली, उलटी-पालटी केली, आन् इचारला, हे शिजतंय का?"

मी विचारलं, "किती मागतोय?"

त्यानं सांगितलं. आईची ती पिशवी, आम्ही तोलून बसवलेली, तिच्यातला अर्धा तांदूळ. तेवढ्यात त्याची जागा होत होती.

"आणि आता किती आहे?"

तो म्हणाला, "दोन मुठी. बिल्डिंगीतल्या समद्यांनी घरं झाडून काढली, आक्का. एकीनं मीठ आणलं. मास्तरांनी साबण आणला. त्या बाईनं धाकट्यासाठी राखून ठेवलेलं थोडं पीठ होतं, ते पण आणलं. मी ते परत दिलो. ढीग करून ठेवलो त्याच्या म्होरं. त्यानं बघितलं आन् म्हणाला, ह्यात होत न्हाय. पलीकडच्या गल्लीतल्या घराकडं पिठाचं पोतं हाय, त्यास्नी नेतो."

"परत ये म्हणावं. दुसऱ्या फेरीला..."

"येतो म्हणाला हाय." मग आवाज खाली करून तो म्हणाला, "आईला ह्यातलं काय सांगू नको गं."

आई माझ्या समोर बसून सुपात मसूर निवडत होती. फोन स्पीकरवर होता. तो नेहमीच स्पीकरवर असायचा. तिचा हात सुपात थांबला. थोड्या वेळानं पुन्हा चालू झाला. ती खडे निवडत राहिली, आणि मी बघितलं की ती खड्यांबरोबर चांगले दाणेही बाहेर टाकत होती.

दुसरी फेरी झाली नाही. तो रस्ताही बंद झाला. त्यानंतर दोन वेळा फोन आला. एकदा त्यानं सांगितलं की दवाखान्यापाशी कुणीतरी आमटी वाटतं, रांग मोठी असते, रांगेवर गोळ्या पडतात, तरी लोक हलत नाहीत, कारण हललं की नंबर जातो. दुसऱ्यांदा तो फारसं बोलला नाही. वरच्या बाईचं धाकटं गेलं, एवढं म्हणाला. आईनं विचारलं, "तू जेवलास का?" तो म्हणाला, "व्हय." तो रांगेला निघाला होता. त्यानंतर फोन आला नाही.

मी जिथं जिथं अर्ज द्यायचा असतो तिथं दिला. फोटो, पासपोर्टची प्रत, कारखान्याचं पत्र, सगळं क्रमानं लावून. एका ऑफिसात कन्नडात विचारलं, मी कन्नडात सांगितलं. "नोडोण," ते म्हणाले. बघू. दुसरीकडे हिंदीत सांगितलं. तिसरीकडच्या बाईंनी संगणकावर शोधून मला धीर देत सांगितलं, "नाव आहे हं यादीत." मी आयुष्यभर याद्या केल्या आहेत. यादीत नाव असणं म्हणजे काय आणि काय नाही, हे मला कुणी सांगायला नको.

गावात लोक येऊन बसायचे. सुरुवातीला धीर द्यायचे, मग हळूहळू विषय बदलायला लागले. माझा नवरा एकदा न राहवून म्हणाला, "तू सांगत होतीस ते त्यानं ऐकायला पाहिजे होतं." मी ताटावरून उठले. तो चुकीचं काही बोलला नव्हता. माझं बरोबर होतं. पिशवी अर्धी जरी राहिली असती तरी भाऊ आज इथं असता, उद्यमबागेत मशीनवर असता. मी मनातल्या मनात तो हिशेब पुन्हा पुन्हा करून बघते आणि दर वेळी तो बरोबर येतो. कुठं चुकला असता तर बरं झालं असतं.

पण दुसऱ्या बाजूनं बघायला गेलं की तेही सुटत नाही. बासमती शेवटी ठेव, हे मीच सांगितलं होतं. पहिल्या आठवड्यात ती शिजवली असती तर वासानं कुणी जिन्यात येऊन बसलं नसतं, तेव्हा सगळ्यांच्या घरी काहीतरी होतं. आणि जाड तांदूळ बिनवासाचा, तो मागे राहिला असता, ड्रायव्हर आला तेव्हा हाताशी असता. कोठारातला माझा नियम बरोबर, आईचा नियमही बरोबर. दोन्ही बरोबर नियमांच्या मध्ये तो सापडला.

आई या विषयावर एकदाच बोलली. पेरणीच्या आधी आमचं रान कसणारा वाटेकरी आला होता. कुठलं बी आणू, असं त्यानं सहज विचारलं.

"जाडं लाव," आई म्हणाली.

"बासमतीला भाव हाय की, मावशी. आता तर लई मागणी हाय."

"वासाचं नको मला रानात."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी तसंच कर अशी मान हलवली. तो गेल्यावर आई उंबऱ्यात बसून राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी दे म्हणलं नसतं तर त्यानं दिलं नसतं का गं?"

तिला काय ऐकायचं होतं ते मला ठाऊक होतं. दिलंच असतं, असं म्हणायचं होतं. आणि ते खरंही असावं. पण त्या दुपारी त्यानं आईला फोन दे म्हटलं होतं, हेही खरं होतं. मी तिच्यासाठी चहा ठेवला.

त्या वर्षी आमच्या रानात जाडं भात झालं. पीक चांगलं आलं. ते फुलोऱ्यावर आलं तेव्हा मी बांधावर जाऊन उभी राहिले होते. काहीच वास नव्हता, नुसता चिखलाचा होता. शेजारच्या काकूंच्या रानात मात्र बासमतीच होती. ती आमच्या बांधावर वाकून यायची.

सुगी झाली. आमचे तांदूळ गिरणीतून आले, शिजले. कुणाला काही कळलं नाही. कुठली वाटी काढावी लागली नाही.

मग एक दिवस, मी येळ्ळूरला असतानाच, कुंपणावरून वास आला. आई दाराशी बसली होती. तिनं मान वर केली, पण वाऱ्याकडे बघितलं नाही. थोड्या वेळानं काकू आल्या. इतक्या वर्षांत त्या आमच्या उंबऱ्याच्या आत आल्या नव्हत्या. हातात वाटी होती, वर ताटली झाकलेली.

"गडाकडनं हाय वारं," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडंच आला आसंल वास."

"आला," आई म्हणाली.

काकू उभ्या राहिल्या. वाटी फळीवर ठेवून त्या गेल्या.

मी सवयीनं उठले. भात ताटलीत काढावा, वाटी धुवावी, शेंगा भरून परत करावी. डबा हातात घेतला तेव्हा आई म्हणाली, "असू दे."

"रिकामी द्यायची नाही, पण शेंगा आहेत की. गूळही आहे. मी देऊन येते."

"पोचवायचं काम तुझं न्हवं," ती म्हणाली.

मी डबा खाली ठेवला. भाताला दोघींनीही हात लावला नाही. त्या दिवशी मी बेळगावला परत गेले नाही, तिथंच राहिले. सकाळी ताटली उचलली तेव्हा भात गार होऊन वाटीच्या आकाराचा झाला होता आणि त्याला वास नव्हता. तो मी म्हशीला घातला. वाटी घासून पुसून फळीवर ठेवली. ती अजून तिथंच आहे. काकूंनी मागितलेली नाही.